झीज कुणाची?

नीतीचा प्रश्न म्हटला की आपल्या अंकांत मोठे शब्द येतात. न्याय येतो, स्वातंत्र्य येतं, बांधिलकी येते. येऊ देत. पण मी सूतगिरणीत रिंग खात्यात सायडर आहे. शाळा दहावीला सुटली. त्यापुढं जे काय वाचलं ते पाळी सुटल्यावर, डोळे चोळत. मोठा शब्द समोर आला की तो कुठल्या नटाला लागतो हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

म्हणून आज एका लहान लोखंडी सांध्यावर लिहितो. पिकअप गाडीच्या पुढच्या चाकाशी असलेल्या टाय रॉडच्या सांध्यावर. हा सांधा झिजला तर बदलायचा कधी, आणि 'आता बदल' असं म्हणायचा हक्क कुणाचा, एवढाच माझा प्रश्न आहे. गॅरेजवाल्याला हा धंद्याचा प्रश्न वाटेल. पांढरपेशा विचारवंताला तो प्रश्नच वाटणार नाही. मला तो नीतीचा वाटतो, कारण त्या गाडीच्या हौद्यात माणसं बसतात आणि ती आपली माणसं आहेत.

कविता लिहिणाऱ्याला इथं एक मोह होतो. झिजलेला सांधा म्हणजे समाज, स्टेअरिंग म्हणजे सत्ता, अशी उपमा लगेच जिभेवर येते. ती मी बाहेर ठेवतोय. सांधा म्हणजे सांधा. आधी तो समजून घेऊ.

ड्रायव्हर स्टेअरिंग फिरवतो तेव्हा चाक थेट वळत नाही. स्टेअरिंगचा दांडा खाली एका पेटीत जातो. ती पेटी फिरण्याचं सरकणं करते, आणि ते सरकणं लोखंडी गज चाकापर्यंत नेतात. त्या गजाला टाय रॉड म्हणतात. सरळ ॲक्सलच्या गाडीत एक लांब गज पुढची दोन्ही चाकं एकमेकांशी बांधून ठेवतो. दुसऱ्या तऱ्हेच्या गाडीत पेटीच्या दोन्ही अंगांनी एकेक आखूड गज निघतो. तऱ्हा कुठलीही असो, काम एकच. दोन्ही चाकांनी एकाच दिशेनं, एकाच वेळी वळावं.

गजाच्या टोकाला जो सांधा असतो त्याला गॅरेजात 'एंड' म्हणतात. पोलादाची एक गोळी, ती ज्या वाटीत फिरते ती वाटी, मधे ग्रीस आणि वरून रबराची टोपी. आपल्या खांद्याचं हाड खोबणीत फिरतं तसंच. चाक खड्ड्यात वर-खाली होतं, डावं-उजवं वळतं, आणि हे सगळं त्या गोळीला सोसावं लागतं. रबर फाटलं की पाणी जातं, चिखल जातो, बारीक वाळू जाते. ग्रीस धुऊन निघतं. मग गोळी आणि वाटी एकमेकांना खातात. त्यांच्यात जी मोकळी जागा होते तिला आपले फिटर 'प्ले' म्हणतात. प्ले आला की स्टेअरिंग थरथरतं, गाडी एका अंगाला ओढते, टायर एका कडेनं खातो, खड्ड्यात खालून टकटक ऐकू येतं. आणि तरीही गाडी चालते. फार झिजल्यावर एका दिवशी गोळी वाटीतून निसटते. त्या क्षणापासून ड्रायव्हर एकीकडं वळवतो आणि ते चाक दुसरीकडं जातं.

आता बघा, ही झीज कुणी केली? कुणीच नाही. रस्त्यानं केली, पावसानं केली, ओझ्यानं केली, दिवसांनी केली. आपल्याला अन्यायाची जी सवय आहे त्यात कुणीतरी करणारा असतो. कुणी पाणवठा अडवला, कुणी झोपडी जाळली, कुणी मजुरी बुडवली. करणारा दिसतो, त्याच्या नावानं मोर्चा निघतो. झिजेला करणारा नसतो. त्यामुळं 'हे कुणी केलं' हा आपला नेहमीचा प्रश्न इथं विचारून हाती काही लागत नाही. इथं तीन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. झीज कुणाला माहीत आहे? ती काढायची ताकद कुणाकडं आहे? आणि ती राहिली तर मरणार कोण?

हे तीन प्रश्न मला एका पिकअपनं शिकवले. ती हकिगत सांगतो.

आमची वस्ती हातकणंगले तालुक्यात. गिरणीची पहिली पाळी सकाळी ७ ला सुरू होते. एसटी येते पावणेआठला. मधल्या वेळेचा इलाज म्हणजे पिकअप. हौद्यात दोन फळ्या टाकलेल्या, वर ताडपत्री. अकरा जण जातात, त्यात सात बायका. महिन्याचं भाडं ठरलेलं. मालवाहू गाडीत असे प्रवासी भरायला कायद्यानं मनाई आहे, हे हौद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. पण खाडा पडला तर पगार कापला जातो हेही सगळ्यांना माहीत आहे.

गाडीचा मालक आपलाच. हे मी मुद्दाम सांगतो. जुनी पिकअप त्यानं कर्ज काढून घेतली. सकाळ-संध्याकाळ माणसं, मधल्या वेळात भाजी, विटा, खत. हप्ता थकला की झोप उडते. काचेवर निळ्या अक्षरांत जय भीम. १४ एप्रिलला बाबासाहेबांची प्रतिमा याच गाडीवर सजते. मालक जर वाड्यावरचा पाटील असता तर हा लेख मला सोपा गेला असता. तुम्हालाही वाचायला सोपा गेला असता.

गाडी आण्णाच्या गॅरेजात आली ती टायरसाठी. आण्णा आमच्या वस्तीतलाच फिटर, हाताखाली एक पोरगा, वर पत्रा. सुट्टीदिवशी मी त्याच्याकडं जाऊन बसतो, हाताला काम मिळतं आणि गप्पाही होतात. पुढचा डावा टायर आतल्या कडेनं सफाचट झाला होता, बाहेरची कड अजून चांगली. मालक म्हणाला, "आण्णा, टायर तेवढा बदला. बाकी काय काढू नका."

आण्णानं मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं चाक जॅकवर उचललं, खाली घोडी लावली. घड्याळात ९ आणि ३ असतात तिथं चाकाला दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं. मला म्हणाला, "खाली एंडवर बोटं ठेव." ठेवली. गज हलायच्या आधी गोळी वाटीत हलत होती, बोटांना साफ कळत होतं. मग त्यानं १२ आणि ६ ला धरून हलवलं. तिथं ढिलाई नव्हती, म्हणजे बेअरिंगचा दोष नव्हे. रबराची टोपी चिरलेली, आत ग्रीसच्या जागी काळा चिखल.

आण्णा म्हणाला, "नवा टायर घालून उपयोग न्हाई. एंड गेलेत. त्योबी टायर खाणार. दोन्ही बाजूचे बदलू आणि अलाइनमेंट करून घे."

मालकानं विचारलं, "किती दिवस चालंल तसंच?"

आण्णा खरं बोलणारा माणूस. म्हणाला, "सांगता येत न्हाई. म्हैनाबी जाईल, उद्याबी जाईल."

"म्हंजे म्हैनाभर चालंल."

दोस्तांनो, या चार वाक्यांवर मी बरेच दिवस विचार करतोय. आण्णा म्हणाला, सांगता येत नाही. मालकानं ऐकलं, चालेल. एकानं आपलं अज्ञान प्रामाणिकपणे सांगितलं आणि दुसऱ्यानं त्याचा परवाना केला. 'माहीत नाही' यातून 'चालू दे' कसं निघालं? तर्काच्या पुस्तकात हे बसत नाही. पण आपल्या रोजच्या जगण्यात हे सारखं बसवलं जातं. गटारात उतरायचंय, आत वायू आहे का? माहीत नाही. उतर मग. इमारतीची तडा गेलेली भिंत किती दिवस टिकेल? सांगता येत नाही. राहू दे मग. ज्याचा जीव धोक्यात नाही तो माणूस अज्ञानाचा अर्थ नेहमी आपल्या सोयीचा लावतो.

उलट बाजू मी रोज गिरणीत बघतो. रिंग फ्रेमवर स्पिंडल मिनिटाला १५-१६ हजार फेरे घेतं. त्याच्याभोवती पोलादी रिंग, आणि त्या रिंगवर नखाएवढी एक वाकडी कडी, इंग्रजी सी अक्षरासारखी. तिला ट्रॅव्हलर म्हणतात. सूत तिच्यातून जातं, पीळ बसतो, बॉबिनवर गुंडाळलं जातं. घासून घासून ट्रॅव्हलर झिजतो. झिजला की सूत तुटायला लागतं, केसाळ निघतं. पण गिरणी तेवढी वाट बघत नाही. ट्रॅव्हलर बदलायची तारीख ठरलेली असते. तारीख आली की डोळ्यांना चांगले दिसणारेसुद्धा काढून टाकतात आणि फ्रेमभर नवे घालतात. 'अजून किती दिवस चालेल' असं कुणी विचारत नाही, कारण चालतंय तोवर चालवलं तर माल खराब होतो हे गिरणीला पक्कं ठाऊक आहे.

म्हणजे झीज दिसायच्या आधी भाग बदलायची अक्कल या देशात आहे. ती सुतासाठी वापरली जाते. ते सूत काढणाऱ्या बाईला सकाळी ६ वाजता गिरणीत नेणाऱ्या गाडीसाठी वापरली जात नाही. १९४८ साली फॅक्टरी कायदा झाला, त्यात फिरत्या यंत्राला आडोसा लावायची सक्ती आली. पुढं कायद्यांची नावं बदलली, आडोसा राहिला. माझ्या फ्रेमच्या दातेरी चक्रांवर आजही झाकण आहे. पण तो आडोसा गेटच्या आत. गेटबाहेरच्या रस्त्यावर आमच्या आणि मरणाच्या मधे एक चिरलेली रबरी टोपी.

अजून एक बघा. रस्त्यानं जाणाऱ्या कितीतरी पिकअपच्या बंपरला लिंबू-मिरची लोंबत असते. दर शनिवारी जुनी काढून नवी बांधतात. वेळापत्रक पक्कं. तिच्यामागं हातभर अंतरावर टाय रॉड असतो, त्याला वेळापत्रक नाही. आपण त्या लिंबू-मिरचीला हसतो. हसावं. पण काचेवर जय भीम लिहिलं म्हणून गोळी वाटीत घट्ट बसत नाही. बाबासाहेबांचा फोटो टाय रॉड धरून ठेवत नाही. आपल्या श्रद्धेचा ताईत करायचा नसेल तर खाली वाकून बघायला पाहिजे. आणि अपघात झाल्यावर लोक म्हणतात, 'काळ आला होता.' आपण कर्म आणि नशीब नाकारलेली माणसं. आपल्या तोंडी ते वाक्य शोभत नाही. काळ वगैरे काही आलेला नसतो. सांधा झिजलेला असतो आणि तो कुणाला तरी माहीत असतो.

आता ते तीन प्रश्न या गाडीला लावू. झीज माहीत होती आण्णाला. बदलायची ताकद, म्हणजे पैसा आणि हुकूम, मालकाकडं. आणि जीव हौद्यातल्या अकरा जणांचा. तिन्ही गोष्टी तीन ठिकाणी. ज्याला माहीत आहे त्याच्याकडं हुकूम नाही. ज्याच्याकडं हुकूम आहे त्याला माहिती नकोशी आहे. ज्यांचा जीव आहे त्यांना माहितीही नाही आणि हुकूमही नाही. १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण तिथं होऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिलं होतं की जात ही कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, आणि तीही उतरंडीची. ती उतरंड फक्त लग्नात आणि पाणवठ्यावर असते असं समजू नका. गाडीखाली झोपणाऱ्याच्या काळ्या हाताला जे कळतं ते ज्ञान मानलं जात नाही. खुर्चीवर बसून कळतं तेच ज्ञान. म्हणून आण्णाचं बोटाला लागलेलं सत्य 'फिटरची धंद्याची बोलणी' ठरतं. मालक आपला असला तरी उतरंड त्याच्या डोक्यातही शिरलेली असते. आपल्या डोक्यातही असते.

कायदा काय म्हणतो तेही बघितलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९०. धोकादायक दोष असलेली गाडी जो रस्त्यावर चालवतो, चालवायला लावतो किंवा चालवू देतो तो दोषी. आणि दोष त्याला माहीत असायलाच पाहिजे असं नाही. साधी काळजी घेतली असती तर कळला असता, एवढंही पुरे. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. 'मला माहीत नव्हतं' ही पळवाट कायद्यानं अर्धी तरी बुजवली आहे. ज्याला बघता येत होतं आणि ज्यानं बघितलं नाही, त्याचं अज्ञान निष्पाप नाही. पण कलम ड्रायव्हर आणि मालक यांच्यापाशी थांबतं. आण्णा आणि मी, ज्यांनी बोटांनी झीज बघितली, आम्ही त्यात कुठंच येत नाही. कलम संपतं तिथून नीतीचा प्रश्न सुरू होतो.

आण्णानं टायर बसवला नाही. बिलाच्या पुस्तकात लिहिलं, 'दोन्ही एंड खराब, सांगितलं, बदलले नाहीत.' मालक रागानं गेला. दुसऱ्या दिवशी नाक्यावर दुसरीकडं टायर बसवून घेतला आणि गाडी सकाळी ६ ला हजर. आण्णा मला म्हणाला, "मी सांगितलं. माझं काम झालं. त्याच्या गाडीचा मालक मी न्हाई."

आण्णाचा मला आदर आहे. गिऱ्हाईक तोडून त्यानं खरं सांगितलं, हे लहान नाही. त्याच्या पोटावर ते आलं. पण 'माझं काम झालं' हे मला पटत नाही. त्यानं सांगितलं कुणाला? ज्याच्या हातात पैसा त्याला. बिलावर लिहिलेली ओळ आण्णाला वाचवते, हौद्यातल्या माणसाला वाचवत नाही. सत्य बोललं की कर्तव्य संपत नाही. ते योग्य कानात पडायला पाहिजे. आणि झिजेच्या बाबतीत पहिला कान त्याचा, ज्याचा जीव तिच्यावर लोंबतोय.

म्हणून मी गिरणीत जेवणाच्या सुट्टीत बायकांना सांगितलं. मला वाटलेलं त्या घाबरतील, चिडतील. त्यातल्या वयानं मोठ्या मावशी भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "मग आता चालत जायचं व्हय रं? का तू गाडी देतोस?"

हे उत्तर कुठल्याही तत्त्वज्ञानाच्या पुस्तकाला पुरून उरणारं आहे. ज्याच्याकडं दुसरा रस्ता नाही त्याला धोक्याची बातमी देणं म्हणजे कधी कधी त्याच्या भीतीत भर घालणं. माहिती दिली आणि निघून गेलो तर मी आण्णापेक्षा वेगळा नव्हतो. मग मी म्हणालो, "मावशी, माझ्यावर विश्वास ठेवू नका. रविवारी हात लावून बघा."

रविवारी समाजमंदिरापुढं गाडी उभी होती. मालकालाच स्टेअरिंगवर बसवलं. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. त्याला सांगितलं, "दादा, स्टेअरिंग थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं, नुसतं हलवा." मावशी पदर खोचून खाली वाकल्या आणि एंडवर बोटं ठेवली. "व्हय की. हालतंय." मग दुसरी वाकली, तिसरी वाकली. मग मालक स्वतः उतरला, दुसऱ्याला वर बसवून त्यानं बोटं ठेवली. तो काही बोलला नाही. वंदनेत आपण रोज म्हणतो, एहिपस्सिको. ये आणि बघ. त्याचा अर्थ मला त्या दिवशी गाडीखाली कळला. आणि आणखी एक कळलं. ही झीज एकट्याला नीट सापडत नाही. एकानं हलवायचं आणि दुसऱ्यानं हात लावायचा असतो.

पैशाची गोष्ट मावशीनंच काढली. सगळ्यांनी पुढच्या महिन्याचं अर्धं भाडं आगाऊ द्यायचं, मालकानं त्यातून दोन्ही बाजूचे एंड बदलायचे, आणि ती रक्कम पुढच्या भाड्यातून वळती करायची. मालक तयार झाला. त्याला बोटांनी पटलं होतं, आणि अकरा भाडी एकदम तुटतील हेही दिसत होतं. कुठल्या कारणानं जास्त पटलं हे मी विचारलं नाही.

पुढच्या सुट्टीला मी आण्णाच्या हाताखाली होतो. चाक काढलं. आटे तारेच्या ब्रशनं घासून तेल सोडलं. लॉक नट सैल करायच्या आधी त्याच्या जागेवर रंगाची खूण केली. मग वाकवलेली कॉटर पिन सरळ करून ओढली, कंगोऱ्याचा नट काढला. एंडचा खिळा निमुळता असतो, तो चाकाच्या आर्ममध्ये रुतून बसतो. खिळ्याच्या आट्यांवर हातोडी मारली तर आटे जातात, म्हणून पुलर लावला. टक्कन् सुटला. जुना एंड गजावरून काढताना आण्णानं फेरे मोजायला लावले. १७ भरले. नवा तितकेच फेरे आत घातला, म्हणजे चाक साधारण पहिल्या जागी येतं. लांब गजाच्या गाडीत एका टोकाला उलटे आटे असू शकतात, हेही त्यानं बजावलं. नट ठरलेल्या जोरानं आवळला. पिनेचं भोक कंगोऱ्याशी जुळलं नाही. मी म्हणालो, थोडा सैल करू. आण्णानं हातावर चापट मारली. "भोक जुळवायला नट कधी मागं घ्यायचा न्हाई. पुढंच आवळायचा." मग नवी कॉटर पिन. जुनी परत वापरायची नाही.

ती पिन मला आवडली. चहापेक्षा स्वस्त. ती ओझं उचलत नाही. नट नीट आवळलेला असतो, तरी तो कधीतरी सुटू शकतो हे मान्य करून ती घातलेली असते. आपलं काम चोख आहे यावर आण्णाचा विश्वास आहे आणि तरीही तो पिन घालतो. चळवळीतल्या कितीतरी माणसांत मला हा गुण दिसत नाही.

दुसऱ्या बाजूचाही एंड बदलला. तो कमी झिजला होता, पण त्याच रस्त्यावर, तितकाच पळालेला. नंतर गाडी अलाइनमेंटला नेली, कारण फेरे मोजणं हा अंदाज असतो, माप नसतं.

आता तुमचे आक्षेप. पहिला, परवडत नाही. बघा, एंडपेक्षा टायर महाग, आणि झिजलेला एंड टायर खातो. म्हणजे न बदलणं हेच जास्त महाग. मालकाला हा हिशोब सांगावा, जरूर सांगावा. पण त्यावर थांबू नका. उद्या एंड टायरपेक्षा महाग झाला तर? हिशोब उलटला म्हणून मावशीचा जीव स्वस्त होतो काय? जीव हे कारण स्वतःच्या पायावर उभं राहायला पाहिजे. हिशोबाची काठी असली तर बरं, नसली तरी उभं.

दुसरा आक्षेप मी स्वतःच घेतो. ज्यांचा जीव धोक्यात, त्यांनीच आगाऊ पैसे द्यायचे, हा कुठला न्याय? नाही, हा न्याय नाही. गिरणीला पहाटे माणसं हवी असतात, तर ती सुखरूप आणायची जबाबदारी गिरणीची. एसटी ६ वाजता यावी ही मागणी सरकारकडं. ती भांडणं आहेत आणि ती केलीच पाहिजेत. पण ती जिंकेपर्यंत गोळी वाटीत थांबून राहणार नव्हती. मोठा न्याय येईपर्यंत लहान दुरुस्ती करू नये, असं म्हणणारा बहुधा हौद्यात बसत नाही.

तिसरा आक्षेप नाजूक आहे. आपला माणूस कर्ज काढून वर येतोय, त्याला कशाला अडवायचं? मी म्हणतो, आपला म्हणूनच. परक्या मालकाला आपण जो प्रश्न विचारतो तो आपल्याला विचारायला जीभ जड होत असेल, तर आपण समतेची नव्हे, नात्याची भाषा बोलतोय. त्याला गावासमोर शिव्या घालायची गरज नव्हती. त्याचा हात धरून एंडवर ठेवायची गरज होती.

शेवटी तुमच्याकडं येतो. हा अंक वाचणारे तुम्ही कार्यकर्ते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या गाड्या कोण ठरवतं? ६ डिसेंबरला चैत्यभूमीला, १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाणाऱ्या पिकअप आणि जीप कोण ठरवतं? तुम्ही. कमी भाड्याची बघता, जास्त माणसं बसतील अशी बघता, झेंडा बांधता आणि रात्री निघता. त्या रात्री 'चालवायला लावणारे' तुम्हीच असता. म्हाताऱ्या आया, लहान पोरं तुमच्या शब्दावर हौद्यात चढतात. त्यांनी तुम्हाला फक्त घोषणांसाठी पुढारी केलेलं नाही.

तेव्हा शाखेच्या वहीत एक पान वेगळं काढा. गाडीचा नंबर, बघितल्याची तारीख, कुणी हलवलं, कुणी हात लावला, काय लागलं. वस्तीतल्या फिटरला बैठकीला बोलवा, त्याला खुर्ची द्या, आणि त्याचं बोलणं इतर भाषणांसारखंच ऐका. गाडी ठरवायच्या आधी दोघंजण जा. एकानं स्टेअरिंग हलवावं, दुसऱ्यानं खाली हात लावावा. जे हाताला लागेल ते आधी हौद्यात बसणाऱ्याला सांगा, मग मालकाला. आणि सांगून निघून जाऊ नका.

जय भीम.